हिरवा दिवा कुणाला द्यायचा?

दर सोमवारी सकाळी एक्सेलमधला एक अहवाल माझ्या टेबलावरून पुढे जातो. अडतीस विभाग, प्रत्येकाचं ठरलेलं काम, झालेलं काम आणि शेवटच्या कॉलममध्ये टक्केवारी. टक्केवारीशेजारी लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा. हे दिवे मी बरेच महिने हातानेच लावत होते. कॉलम निवडायचा, होम टॅब, कंडिशनल फॉरमॅटिंग (सेलमधली किंमत बघून त्याचं रूप ठरवणारी सोय), आयकॉन सेट्स, ट्रॅफिक लाइट्स. एवढ्यासाठी कोड कोण लिहितं?

मग एका शीटच्या सात झाल्या. त्यातच मी एका सोमवारी रजेवर होते, तेव्हा बदली आलेल्या सहकाऱ्याने दिव्यांऐवजी बाण लावले, तेही सातांपैकी चारच शीटना. दुपारपर्यंत तीन फोन आले. खाली जाणारा बाण म्हणजे काम उद्दिष्टापेक्षा कमी झालं की मागच्या आठवड्यापेक्षा कमी झालं, हा प्रश्न तिघांनाही पडला होता आणि तो अगदी रास्त होता. त्या दिवशी ठरवलं की हे काम माणसाच्या हातातून काढून घ्यायचं.

पहिला प्रयत्न सगळेच करतात तोच केला. आपल्या क्लिक कोडमध्ये लिहून ठेवणारं रेकॉर्ड मॅक्रो दाबलं, त्याच क्लिक केल्या, थांबवलं आणि आत काय लिहिलं गेलं ते वाचलं. व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आतल्या कोडच्या भाषेत, आयकॉनचा नियम 'अ‍ॅड आयकॉन सेट कंडिशन' या पद्धतीने जोडला जातो. मग कोणता संच ते सांगायचं आणि त्यानंतर 'आयकॉन क्रायटेरिया' नावाच्या यादीत प्रत्येक आयकॉनची हद्द भरायची. रेकॉर्डरने सगळीकडे 'सिलेक्शन' लिहून ठेवलं होतं, म्हणजे चालवताना जो सेल निवडलेला असेल तिथे दिवे लागणार. पहिल्याच दिवशी ते विभागांच्या नावांवर लावून पाहिले. नावं म्हणजे अक्षरं, आयकॉन फक्त आकड्यांना लागतात, त्यामुळे काहीच दिसलं नाही आणि मी अर्धा तास मॅक्रो चाललाच नाही असं समजत बसले. 'सिलेक्शन' काढून तिथे ठरावीक रेंज, म्हणजे कुठपासून कुठपर्यंतचे सेल ते, लिहिली आणि तो विषय संपला.

हद्दींचा हिशेब समजायला जरा वेळ लागला. दिवे तीन, पण हद्दी दोनच. खालच्या हद्दीच्या आत लाल, दोन्हींच्या मध्ये पिवळा, वरच्या हद्दीपलीकडे हिरवा. म्हणून यादीतल्या पहिल्या निकषाची हद्द बदलताच येत नाही. मी बिनधास्त एकपासून तीनपर्यंत लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) फिरवला होता आणि पहिल्याच फेरीत तो आपटला. दोनपासून सुरू केल्यावर चालला. रेकॉर्ड झालेल्या कोडमध्ये 'ऑपरेटर बरोबर ७' असंही एक गूढ वाक्य होतं. ७ म्हणजे 'पेक्षा मोठं किंवा तितकंच', आणि नुसतं 'पेक्षा मोठं' हवं असेल तर ५. नव्वद टक्क्यांवर अडकलेल्या विभागाला हा फरक चांगलाच जाणवतो.

हद्दी मात्र मी रेकॉर्डरने दिल्या तशाच ठेवल्या. ३३ आणि ६७, प्रकार 'पर्सेंट'. माझा कॉलम टक्केवारीचाच, तेव्हा हद्दीचा प्रकारही टक्केच असणार, यात मला काही खटकलंच नाही. या लेखातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती महिनोन्‌महिने कुणाला दिसली नाही, कारण अहवाल छान दिसत होता. थोडे हिरवे, थोडे पिवळे, थोडे लाल.

ती दिसली एका वाईट आठवड्यात. सगळ्याच विभागांचं काम अडलं होतं. सगळ्यात मागे असलेला ४१ टक्क्यांवर, सगळ्यात पुढचा ७४ वर. उद्दिष्टाची रेष नव्वदची. म्हणजे हिरव्याला पात्र असं कुणीच नव्हतं. तरीही अहवालात सात-आठ हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. ६४ टक्क्यांसमोरही हिरवा. वरिष्ठांनी तो आकडा आणि तो दिवा दोन्हींवर बोट ठेवून विचारलं, "हे कौतुक कशाबद्दल?"

मी जागेवर येऊन कागदावर हिशेब मांडला. आयकॉनच्या नियमातला 'पर्सेंट' म्हणजे तुमच्या आकड्यातले टक्के नव्हेत. रेंजमधली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत यांच्यामधल्या अंतराचे ते टक्के असतात. ४१ ते ७४ हे अंतर ३३. त्याचे ६७ टक्के म्हणजे २२.११. ते ४१ मध्ये मिळवले की ६३.११. म्हणजे त्या आठवड्यात ६३.११ च्या वर असलेला प्रत्येक जण हिरवा. सगळ्यांची बुडाली तरी सगळ्यात कमी बुडालेल्याला हिरवा दिवा मिळणारच, कारण नियमाची तशी रचनाच आहे. आणि सगळ्यांनी शंभर गाठले पण एक जण ९७ वर राहिला, तर त्याला लाल.

याची उलटी बाजूही नंतर पाहिली. एका विभागाने झालेल्या कामात चुकून एक आकडा जास्त टाकला आणि त्याची टक्केवारी २४० झाली. सगळ्यात खालचा ६० वर होता. आता पिवळ्याची हद्द ११९.४ आणि हिरव्याची १८०.६. उरलेले सदतीस विभाग, त्यात शंभराच्या पुढे गेलेलेही, एका रांगेत लाल. एका माणसाची टायपिंगची चूक आणि शिक्षा अख्ख्या वर्गाला.

'पर्सेंटाइल' हा दुसरा प्रकार या धक्क्यापासून वाचवतो, कारण तो अंतर न बघता क्रम बघतो. पण त्यातही साधारण एक तृतीयांश लोक दर वेळी लाल होणारच. स्पर्धेत क्रमांक लावायचे असतील तर तो चांगला. मला क्रमांक लावायचे नव्हते, ठरलेली रेष गाठली की नाही एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी प्रकार हवा होता 'नंबर'.

नंबर केला, हद्दी ७५ आणि ९० लिहिल्या, मॅक्रो चालवला. सगळेच्या सगळे लाल! एकशे दोन टक्केवालाही लाल. इथे मात्र फार वेळ गेला नाही. टक्क्यांचं फॉरमॅट दिलेल्या सेलमध्ये ९०% दिसत असले तरी आत ०.९ असतं. ०.९ ला ९० शी ताडून पाहिलं तर दुसरं काय होणार? ०.७५ आणि ०.९ लिहिल्यावर दिवे पहिल्यांदा खरं बोलू लागले.

लगेच दुसरी तक्रार आली. "माझे नव्वद झालेत, दिवा पिवळा का?" त्या विभागाच्या सेलमध्ये होतं ०.८९६. दशांश दाखवायचे नाहीत असं फॉरमॅट असल्याने डोळ्यांना ९०% दिसायचं, नियम मात्र आतली किंमत बघायचा. यावर दोन उपाय होते. सूत्रातच राउंड करून खरोखर ०.९ करायचं किंवा एक दशांश दाखवायचा. पहिल्याने तक्रारदार खूश झाला असता. मी दुसरा निवडला. ८९.६% दिसल्यावर पुन्हा कुणी विचारलं नाही.

मॅक्रोवर दोन-तीन महिने निभावलं. पण अहवाल ज्यांच्याकडे जायचा त्यांच्यापैकी निम्म्यांकडे मॅक्रो असलेली फाइल उघडतच नव्हती, सुरक्षेच्या कारणाने अडवली जायची. शिवाय मूळ माहिती सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये यायची आणि ती साफ करायला मी आधीपासून पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरत होते. मग दिवेही तिथूनच का लावू नयेत? ओपनपायएक्सएल ही लायब्ररी, म्हणजे पायथॉनमधून एक्सेल फाइल वाचणारा-लिहिणारा तयार कोड, घेतली. तिच्यात 'आयकॉन सेट रूल' नावाचं फंक्शन आहे. संचाचं नाव, हद्दीचा प्रकार, हद्दींची यादी आणि हवं असेल तर आकडा लपवायचा का आणि क्रम उलटा करायचा का, एवढं त्याला सांगायचं. मग तो नियम शीटच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये रेंजसकट जोडायचा. इथे हद्दी तीन द्यायच्या. व्हीबीएमध्ये ज्या पहिल्या हद्दीला हात लावता येत नव्हता ती इथे लिहावी लागते, मी शून्य लिहिते.

संचांच्या नावांची गंमत सांगते. आयकॉन सेट एक्सेलमध्ये आले ते २००७ च्या आवृत्तीत. तेव्हा सतरा संच होते. तीन आयकॉनचे आठ, चारचे पाच, पाचचे चार. २०१० च्या आवृत्तीत तीन चांदण्या, तीन त्रिकोण आणि पाच चौकटी असे आणखी तीन आले. पडद्यावर वीसही एकाच मेन्यूत शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे हे जुने-नवे असं काही आपल्याला कळत नाही. मी हौसेने एका शीटला चांदण्या द्यायला गेले आणि ओपनपायएक्सएलने व्हॅल्यू एरर दिला. शब्दलेखन चुकलं असेल म्हणून दहा प्रकारे लिहून पाहिलं. मग लायब्ररीच्या आत डोकावले, तर तिथे बरोबर सतराच नावं.

असं का, हे समजून घ्यायला फाइल उघडून पाहिली, म्हणजे अक्षरशः. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाइल, ही आतून झिप फाइल असते. तिच्या नावाचा शेवट बदलून झिप केला, आतल्या वर्कशीट्सच्या फोल्डरमधली पहिली शीट टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. तळाशी आयकॉनचा नियम साध्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे वाचता येणाऱ्या खुणांच्या मजकुरात, लिहिलेला सापडला. कोणती रेंज, प्राधान्य कितवं, कोणता संच, आणि हद्दींच्या तीन ओळी. सतरा जुने संच या मुख्य भागात लिहिले जातात. २०१० पासूनचे नवे प्रकार मात्र फाइलच्या अगदी शेवटी, विस्तारासाठी राखलेल्या वेगळ्या कप्प्यात जातात. ओपनपायएक्सएल तो कप्पा वाचत नाही. फाइल उघडताना तशी सूचना देते की हा विस्तार काढून टाकला जाईल. ती सूचना माझ्या पडद्यावर कित्येक आठवडे येत होती. मी तिला काळ्या खिडकीत येणारा नेहमीचा कचरा समजत होते.

त्या एक्सएमएलमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात आली, तिने माझी एक योजना मोडली. फाइलमध्ये कुठेही 'या सेलला लाल दिवा' असं लिहिलेलं नसतं. फक्त नियम असतो. कोणत्या सेलला कोणता दिवा हे एक्सेल फाइल उघडल्यावर, त्या क्षणी ठरवतं. मला लाल विभागांची यादी काढून त्यांना आपोआप मेल पाठवायचे होते आणि पायथॉनमध्ये सेलला त्याचा दिवा विचारू म्हणत होते. विचारणार कुणाला? दिवा तिथे नाहीच. शेवटी यादीसाठी तीच तुलना पायथॉनमध्ये वेगळी लिहिली आणि दोन्ही ठिकाणच्या हद्दी एकाच जागेवरून उचलायच्या असं ठरवलं.

सीएसव्हीतून आलेल्या आकड्यांनी एक दिवस खाल्ला. काही ओळींना दिवेच नव्हते. नीट पाहिलं तर त्या सेलच्या डाव्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण, म्हणजे आकडा मजकूर म्हणून साठवलेला. दिसायला अंक, आतून अक्षरं. पायथॉनमध्ये लिहिताना आधी फ्लोटमध्ये, म्हणजे खऱ्या दशांश आकड्यात, बदलायला सुरुवात केली. मात्र हीच खोड नंतर उपयोगी पडली. ज्या विभागाला त्या आठवड्यात उद्दिष्टच नव्हतं, त्याच्या सूत्रातून रिकामा मजकूर परत येऊ दिला. मजकुराला दिवा नाही, त्यामुळे त्या ओळी आपोआप शांत राहिल्या. शून्य दिला असता तर बिचारे विनाकारण लाल झाले असते.

आता सगळ्यात चिवट चूक. दोन महिन्यांनी वरिष्ठांनी सांगितलं, हिरव्याची हद्द नव्वदऐवजी पंच्याऐंशी करा. कोडमध्ये एक आकडा बदलला, चालवला, फाइल उघडली. ८७ टक्क्यांना अजून पिवळाच. फाइल सेव्ह झाली नसेल म्हणून पुन्हा चालवला. पिवळा. कोडमध्ये मुद्दाम ०.१ लिहिलं. तरी पिवळा! आपण दुसरीच फाइल उघडतोय का, इथपर्यंत शंका घेऊन झाली. मग 'मॅनेज रूल्स'ची खिडकी उघडली. एकाखाली एक असे नऊ नियम, सगळे त्याच रेंजवर, सगळे ट्रॅफिक लाइट्स.

झालं असं होतं की दर सोमवारी मी मागच्या आठवड्याचीच फाइल उघडून त्यात नवे आकडे भरत होते आणि कोड इमानेइतबारे एक नवा नियम जोडत होता. जुना काढ, असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. एका सेलवर आयकॉनचे अनेक नियम असले तरी दिसतो एकच, ज्याचं प्राधान्य वरचं तो. ओपनपायएक्सएल नव्या नियमाला पुढचा क्रमांक देते, म्हणजे तो रांगेत सगळ्यात मागे उभा राहतो. आठ आठवडे सगळ्यांची हद्द सारखीच होती, म्हणून कळलं नाही. नववा वेगळं बोलू लागला, पण ऐकायला कुणी नव्हतं.

मग आठवलं, मॅक्रोच्या काळातही तर मी दर आठवड्याला नियम जोडतच होते. तेव्हा हा त्रास का नव्हता? जुना कोड उघडला. रेकॉर्डरने नियम जोडल्याबरोबर पुढच्या ओळीत 'सेट फर्स्ट प्रायॉरिटी' लिहून ठेवलं होतं. ढीग तिथेही साचत होता, फक्त नवा नियम दर वेळी रांग तोडून पुढे जात होता. ती ओळ मला अनावश्यक वाटायची, आणि तिच्यामुळेच माझी चूक झाकली गेली होती.

व्हीबीएमध्ये नियम जोडण्याआधी त्या रेंजवरचे सगळे काढून टाकता येतात, पण त्यात त्या सेलवरचे रंगांचे वगैरे दुसरे नियमही जातात. पायथॉनमध्ये मी वेगळी वाट धरली. एकही नियम नसलेली कोरी फाइल साचा म्हणून ठेवली. दर सोमवारी तिच्यापासून सुरुवात, मागच्या आठवड्याच्या फाइलला हात लावायचाच नाही. तेव्हापासून 'मॅनेज रूल्स'मध्ये प्रत्येक रेंजला एकच ओळ दिसते आणि मी अजूनही अधूनमधून ती खिडकी उघडून खात्री करते. एकदा पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं लागतं.

दुसऱ्या एका शीटमध्ये विलंबाचे दिवस होते. तिथे मोठा आकडा म्हणजे वाईट. यासाठी क्रम उलटा करण्याची सोय आहे. पहिल्यांदा मी क्रमही उलटा केला आणि हद्दीही उतरत्या लिहिल्या, म्हणजे टोपी काढून परत घातली. हद्दी चढत्याच ठेवायच्या, उलटतात फक्त दिवे. पूर्णपणे नवी फाइल बनवायची असेल तर मी एक्सएलएसएक्सरायटर ही पायथॉनची दुसरी लायब्ररी वापरते. तिला जुनी फाइल उघडता येत नाही, पण लिहिण्याचं काम तिचं नेटकं आहे. तिच्यात मात्र हद्दी वरून खाली द्यायच्या, आधी हिरव्याची, मग पिवळ्याची, उरलेलं तिसऱ्याला. ओपनपायएक्सएलमध्ये खालून वर. एकीचा क्रम दुसरीत नेला की गोंधळ ठरलेला, म्हणून दोन्ही कोडमध्ये त्या ओळीवर मी मोठ्या मराठी टिपा लिहून ठेवल्यात.

बाणांचं प्रकरण अजून बाकी होतं. मागच्या आठवड्यापेक्षा काम वाढलं की घटलं हे दाखवायची मागणी चुकीची नव्हतीच. मला वाटलं, हद्द म्हणून शेजारच्या सेलचा पत्ता दिला की झालं. एक्सेलने स्पष्ट नकार दिला. आयकॉन, कलर स्केल आणि डेटा बार यांच्या निकषात सापेक्ष, म्हणजे ओळीगणिक बदलणारे, पत्ते चालत नाहीत. पक्का, डॉलरचं चिन्ह लावलेला पत्ता चालतो, पण मग सगळ्या ओळी एकाच सेलशी ताडल्या जातात. प्रत्येक ओळीला वेगळा नियम द्यायचा एक मार्ग आहे. अडतीस ओळी गुणिले सात शीट. नको.

शेवटी एक मदतनीस कॉलम घातला. या आठवड्यातून मागचा वजा, तीन दशांशांपर्यंत राउंड, आणि त्यावर आकड्याचं चिन्ह सांगणारं साइन (SIGN) फंक्शन. वाढ असेल तर १, जैसे थे असेल तर ०, घट असेल तर उणे १. त्या कॉलमला बाणांचा संच, प्रकार नंबर, हद्दी ० आणि १, आणि आकडा लपवलेला. राउंड घातला नव्हता तेव्हा ८९.६१ वरून ८९.६४ वर गेलेल्यालाही वर जाणारा बाण मिळत होता, आणि दोन्ही आठवड्यांत दिसत होतं ८९.६%. आकडा लपवला की आयकॉन सेलमध्ये मध्यभागी आणता येतो, नाहीतर तो डाव्या कडेला चिकटून बसतो. आणि आयकॉन लहान वाटले तर फॉन्ट मोठा करायचा, त्याला वेगळं माप नाही. ही माहिती मला चुकून मिळाली.

यानंतर एका बैठकीत एक सहकारी हळूच म्हणाले, "मला यातले लाल आणि हिरवे सारखेच दिसतात. मी आजवर आकडेच वाचतो." मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. लाल-हिरवा भेद न दिसणारे पुरुष काही विरळा नसतात, आणि आमच्याकडे तर अहवालाच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीही निघायच्या, ज्यात तिन्ही दिवे राखाडी ठिपके व्हायचे. त्याच दिवशी ट्रॅफिक लाइट्सच्या जागी 'थ्री साइन्स' हा संच घातला. हिरवं वर्तुळ, पिवळा त्रिकोण, पत्त्यांतल्यासारखी लाल चौकट. कोडमध्ये एका शब्दाचा बदल. पहिल्या दिवशीच हा निवडायला हवा होता.

मग आली सगळ्यात शहाणी मागणी. "जे ठीक आहेत त्यांना चिन्हच नको. जिथे बघायचं तिथेच दिसू दे." एक्सेलच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत 'नो सेल आयकॉन' निवडता येतो, व्हीबीएमधूनही देता येतो. पण तो जातो त्याच शेवटच्या कप्प्यात, जो माझ्या लायब्ररीला दिसत नाही. इथे २००७ च्या काळातली एक जुनी युक्ती कामी आली. आयकॉनच्या आधी, वरच्या प्राधान्याने एक साधा नियम लावायचा. किंमत हिरव्याच्या हद्दीइतकी किंवा जास्त असेल तर काहीच रंगवू नकोस, फक्त 'स्टॉप इफ ट्रू', म्हणजे पुढचे नियम पाहू नकोस. चांगल्या विभागांचे सेल तिथेच थांबतात, आयकॉनच्या नियमापर्यंत पोचतच नाहीत. ज्या प्राधान्याच्या रांगेने मला नऊ आठवडे फसवलं होतं, तिचाच वापर करून घेतला याचं समाधान जरा जास्तच वाटलं.

अहवाल एकदम रिकामा दिसू लागला. अडतीस ओळींत पाच-सहा चिन्हं. काहींना ते आवडलं नाही. हिरवा मिळायचा तेव्हा बरं वाटायचं म्हणे.

हद्दी वारंवार बदलायच्या तर दर वेळी कोड का उघडा, म्हणून त्या साच्यातल्या एका कोपऱ्यात, एच १ आणि एच २ मध्ये ठेवल्या. नियमात हद्दीचा प्रकार 'फॉर्म्युला' आणि किंमत म्हणून डॉलर लावलेला पत्ता. साधा नियमही तिथूनच वाचतो, मेलची यादीही तिथूनच. एकच जागा. साचा सगळ्यांना उघडता येईल अशा फोल्डरमध्ये ठेवला, म्हणजे माझ्या रजेत कुणाचं अडायला नको.

तीन सोमवार सुरळीत गेले. चौथ्या सोमवारी कोड चालवला, फाइल उघडली, तर सातही शीटमध्ये मिळून एकच लाल चौकट. मेलच्या यादीत एकच नाव. मी आधी सीएसव्ही पाहिली, मग मजकूर झालेले आकडे शोधले, मग मॅनेज रूल्स. सगळं जागच्या जागी. आकडेही नेहमीसारखेच, ६२, ७१, ६८. शेवटी एच १ वर क्लिक केलं. तिथे ०.८५ च्या जागी कुणीतरी ०.६ लिहून ठेवलं होतं.

कुणी ते मी विचारलं नाही. कोडमध्ये शीटला संरक्षण देणारी ओळ घातली. संरक्षण लावलं की आधीपासूनचे सगळेच सेल कुलूपबंद होतात, त्यामुळे ज्यात विभागांनी शेरे लिहायचे तो कॉलम आधी मोकळा करावा लागला. तसंच संरक्षण साच्यालाही घातलं आणि हद्दी वरिष्ठांच्या हाती दिल्या. त्यांनी एच १ मध्ये पुन्हा ०.८५ टाकलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पंच्याऐंशी तरी आपण कशावरून ठरवलं होतं?"